भावाकडचं बेणं

“भावाच्या हातून आलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, हेस्टर, आणि नजर खाली ठेवायची. काय आहे, कुठून आणलं, बरं की वाईट, हे तोंडातून काढायचं नाही. मनातसुद्धा फार वेळ ठेवायचं नाही.”

आई जाऊन किती पावसाळे झाले, पण ओढ्यावर कामाला उभं राहिलं की हेस्टरला तिचा आवाज ऐकू यायचा. आजही ती गुडघाभर पाण्यात वाकली होती आणि मलोगूची मुळं धूत होती. बाहेरचे लोक ह्यालाच काव्हा म्हणतात. दिवस कलला की पुरुष नकामालात, गावच्या बैठकीच्या घरात जमतात, ही मुळं प्रवाळाच्या दगडानं वाटतात, पाण्यात पिळतात आणि करवंटीनं पितात. जीभ बधिर होते, भांडणं मिटतात, माणसं हळू बोलायला लागतात. अख्ख्या पेंटेकोस्ट बेटाचा संसार ह्याच मुळावर चालतो.

मुळं मोठी होती. एकेकाचा घेर मांडीएवढा. चिखल निघता निघत नव्हता. हेस्टरची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि कंबर अशी धरली होती की सरळ उभं राहताना तिला हात गुडघ्यावर टेकावा लागत होता. वर उतारावर तिचा नवरा गाराए पहारीनं खणत होता. पहार दगडावर आपटल्याचा आवाज मधूनच खाली यायचा.

बेणं मलाकीनं दिलं होतं, तिच्या धाकट्या भावानं. मोठ्या वादळात डोंगरावरची जवळजवळ सगळी लागवड झोपली होती. घराचं छप्पर ओढ्यात गेलं होतं आणि लावायला हातभर कांडी कुणाकडे उरली नव्हती. तेव्हा मलाकी दोन टेकड्या ओलांडून आला. खांद्यावर केळीच्या पानांत गुंडाळलेली मोळी होती. बोटीवरून दुसऱ्या बेटावरच्या कुणाकडून त्यानं बेणं मिळवलं होतं, आणि त्यातली जाड, डोळे फुटलेली कांडी निवडून बहिणीसाठी आणली होती. मोळी दारात ठेवून तो पाठमोरा बसला होता. बहीण-भावानं समोरासमोर बोलायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही इथली रीत. हेस्टरनं मोळी दोन्ही हातांनी उचलली होती.

उचलतानाच तिला कांडीवरचे ठिपके दिसले होते. दाट, काळपट ठिपके. पुढे पानं आली तेव्हा त्यांच्या पाठीवर बारीक लव होती. आपल्या मलोगूला अशी लव नसते. आणि हे झाड वाढलंही भराभर, आपल्या झाडाच्या निम्म्या काळात. गाराए खूश होता. तो लहानपणापासून बोटीवर खलाशी होता, शेतीला उशिरा लागलेला. हेस्टर काही बोलली नव्हती.

पण पीक निघालं त्या वर्षी कोरडे दिवस आलेच नाहीत. खरवडून, तुकडे करून मुळं बांबूच्या माचीवर पसरावीत, जरा ऊन लागावं, की डोंगरावरून ढग खाली उतरे. मग दोघांनी पळत जाऊन ताडपत्री ओढायची. पाऊस थांबला की परत उघडायची. एकेका तुकड्याला हुंगून बघायचं, बुरशीचा वास आला तर बाजूला टाकायचा. महिनाअखेर जहाज येणार होतं आणि मागच्या वर्षीसारखा माल हातात राहिला तर यंदाही घरावर पत्रा चढणार नव्हता, वादळानंतरची निळी ताडपत्रीच राहणार होती. गाराए रात्री उठून माचीखाली निखारे सारायचा. त्याचे डोळे धुरानं लाल झाले होते.

अशाच एका उघडिपीच्या दुपारी मलाकी आला. लामोरूला, हेस्टरच्या गावी, दवाखाना होता; टेकड्यांपलीकडे मलाकीच्या आबानवेरेला नव्हता. मलाकीच्या छातीत क्षय निघाला होता आणि महिन्याच्या गोळ्या घ्यायला त्याला इथं यावं लागायचं. बायको वारल्यापासून तो एकटाच राहत होता. अंगणाच्या कडेला ओंडका होता, त्यावर तो घराकडे पाठ करून बसला. हेस्टर आत गेली आणि बांबूच्या भिंतीशी बसून तारो सोलू लागली. भिंतीच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. मणके मोजता आले असते.

“पाहुण्याला विचार, भूक आहे का,” ती आतून गाराएला म्हणाली. असंच बोलायचं असतं. मधल्या माणसाला सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकू जातं.

भूक मेली आहे, असं मलाकीनं गाराएला सांगितलं. गोळ्या पोटात जाळ करतात. संध्याकाळी चार करवंट्या घेतल्या की तो विझतो, तेवढाच आराम.

“आपल्याच बेण्याचा घेतोस ना?” गाराएनं विचारलं.

“दुसरं कोण घेतंय आता? हे एकदा प्यायलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत अंग जड राहतं. खोकलासुद्धा झोपून राहतो.”

दोघं हसले. हेस्टरचा सुरीचा हात थांबला. तिनं आवाज जपून काढला.

“त्याला विचार, नर्सबाईनं काही प्यायचं नाही म्हणून सांगितलंय ना?”

“ती म्हणाली दारू नको,” मलाकी गाराएकडे बघून म्हणाला. “मी कुठं बिअर पितो? मलोगू काय दारू आहे? मग पाद्रीबाबांनाही दारुडे म्हणावं लागेल.”

“ती नर्स पलीकडच्या बेटाची. तिला काय ठाऊक,” गाराए म्हणाला.

तारो उकडून, वर नारळाचं दूध घालून हेस्टरनं पान बाहेर पाठवलं. मलाकीनं अर्धं खाल्लं, अर्धं कुत्र्याला टाकलं. निघताना तो उठला, तोल सावरायला त्यानं ओंडक्याला हात लावला, आणि वाटेकडे वळला तेव्हा क्षणभर त्याचा चेहरा बाजूनं दिसला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. कलतं ऊन असेल, असं ती मनाशी म्हणाली. पण ऊन तेव्हा डोक्यावर होतं.

त्या दिवसापासून तिच्या सकाळच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं. ओठांनी घेता येत नव्हतं, म्हणून ती ते नुसतं मनात धरून थांबायची आणि मग पुढची ओळ म्हणायची.

पुढच्या आठवड्यात नव्या मुळाची पहिली करवंटी मोलिसाले मामाला देण्यात आली. हा गाराएच्या आईचा भाऊ. तो त्यांच्याकडेच राहायचा. नवं पीक निघालं की पहिला मान मामाचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आता फार काही उरलं नव्हतं, पण नकामालात त्याचा शब्द अजून चालायचा. गाराएनं स्वतः वाटून, स्वतः पिळून करवंटी त्याच्या हातात दिली.

मामाला चौघांनी उचलून घरी आणलं. तो रात्रभर ओकत होता. सकाळी उठवलं तर मान धरता येईना. डोकं फुटतंय, म्हणत तो भिंतीकडे तोंड करून पडला, आणि तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवसही तसाच गेला. हेस्टरनं त्याचं अंग पुसलं, चटई धुतली, ओठ नारळाच्या पाण्यानं ओले ठेवले. नकामालात लोकांनी आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं, डब्यातली मासळी खाऊन वर प्यायला असेल. कुणी म्हणालं, वय झालं. सिरिल म्हणून एक होता, त्याची जीभ कधी स्वस्थ नसायची. मामामागे भाच्याला मिळायची जमीन गाराएनं आजच मागून घेतली का, असं त्यानं विचारलं आणि सगळे हसले. गाराएही हसला. पण घरी येऊन तो जेवला नाही.

मामा उठून बसला तेव्हा घरात दोघंच होते. त्यानं चाचपडत हेस्टरचं मनगट धरलं.

“पोरी, हे आपलं मूळ नव्हे.”

“मामा, पडा थोडं.”

“माझे डोळे असते तर रोप होतं तेव्हाच कळलं असतं. तुझे डोळे तर चांगले आहेत.”

हेस्टरनं मान खाली घातली. बाहेर माचीवरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. मामा वाट बघत राहिला. मग बेणं सुनेच्या माहेरचं आहे हे त्याला आठवलं असावं. सुनेच्या माहेरच्या देण्याला नाव ठेवणं त्याच्या तोंडालाही शोभणार नव्हतं. त्यानं मनगट सोडलं आणि वारा कुठल्या बाजूचा आहे ते विचारलं.

गाराएनं पोती भरली. वादळातून वाचलेल्या जुन्या चांगल्या झाडांची मुळंही त्यानं त्यातच मिसळली होती. म्हाताऱ्याच्या पोटाचं काय सांगता येतं, एवढंच तो म्हणाला.

जहाज आलं त्या सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. लामोरूचा माल एकत्र जायचा, एकाच गावाच्या नावानं. एक पोतं खराब निघालं तरी नाव सगळ्यांचं जायचं. म्हणून ह्या खेपेला गावानंच ठरवलं होतं की तपासणी इथंच, किनाऱ्यावर, सगळ्यांदेखत व्हावी. राजधानीच्या, व्हिला शहरातल्या तपासशाळेतला माणूस त्यासाठी जहाजातून उतरला होता. कालोरिब त्याचं नाव. अंगानं बारीक, आवाजानं मऊ. त्यानं झाडाच्या सावलीत एक फळी टाकली, त्यावर काचेच्या छोट्या बाटल्या ओळीनं लावल्या. प्रत्येक पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून तुकडे काढायचे, कुटून पूड करायची, चिमूटभर बाटलीत, वर पाण्यासारखं दिसणारं औषध. त्याला नखं रंगवायच्या रंगासारखा उग्र वास होता. मग बाटली हलवून ठेवून द्यायची आणि गाळ बसायची वाट बघायची. वरचं पाणी फिकं पिवळं राहिलं तर माल जहाजावर. ही नुसती चाळणी, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. चाळणीतून उतरेल ते व्हिलाला गेल्यावर यंत्रावर पुन्हा तपासलं जाईल.

पहिल्या घरांच्या बाटल्या पिवळ्या राहिल्या. लोक सैलावले. बायकांनी भाजलेला विलायती फणस सोलला. गाराएनं पोती पुढे आणली तेव्हा सिरिलनं त्याच्या मुळांचा घेर बघून विचारलं, ह्यांना रोज डुक्कर कापून घालत होतास काय.

“मेहुण्याचा हात आहे,” गाराए म्हणाला. छाती जरा पुढे काढून म्हणाला.

कालोरिबनं बाटली हलवली आणि फळीवर ठेवली. गाळ खाली बसला. वरचं पाणी पिवळं झालं, मग केशरी, आणि बघता बघता संत्र्याच्या सालीसारखं गडद झालं. त्यानं दुसऱ्या पोत्याची बाटली लावली. तीही तशीच.

“गाराएच्या बाटलीत पपई पिकली,” सिरिल म्हणाला.

हसू फुटलं, आणि लगेच कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे आपल्याच गावाच्या नावावर आहे. मग कुणी हसेना. कालोरिबनं नवी बाटली घेतली, गाराएलाच पोत्यातून तुकडे काढायला सांगितले, गाराएलाच कुटायला लावले. गाराएच्या हातातला दगड निसटून त्याच्या अंगठ्यावर पडला. नख काळं पडलं, पण त्यानं बोट तोंडात घातलं नाही. बाटली पुन्हा केशरी झाली.

ही पोती जहाजावर चढणार नाहीत, कालोरिब म्हणाला. त्यात काही अपमान नव्हता, पण त्याला दुसरे शब्दही नव्हते. हे दोन दिवसांचं मूळ आहे, त्यानं सांगितलं, माणसाला दोन दिवस पाडून ठेवतं. रोज प्यायल्यावर आत काय होतं हे आमच्या तपासशाळेलाही अजून पुरतं उमगलेलं नाही. जेवढं उमगलंय तेवढ्यावरून आम्ही ते विकू देत नाही. ज्याचं काळीज, म्हणजे आतलं यकृत, आधीच दुखावलं आहे, त्याला मी स्वतः थेंबही देणार नाही. आणि मग त्यानं विचारलं, गावात हे कोण पितं.

मामाचं सगळ्यांना ठाऊक होतं, ते लोकांनी सांगितलं. आणखी कोण, त्यानं विचारलं. गाराए पोती झाडाआड ओढत होता. त्यानं मान वर केली नाही. कुणाच्या तरी तोंडून आबानवेरे हा शब्द निघाला आणि गाराएकडे बघून तिथंच विरला.

दुपारी बाकीच्यांची पोती होडीत चढत होती, तेव्हा कालोरिब खडकाशी बसून बाटल्या विसळत होता. हेस्टर त्याच्यापासून थोडी दूर उभी राहिली. त्यानं विसळणं संपवून तिच्याकडे बघितलं.

“छातीच्या गोळ्या घेणारा माणूस असेल,” ती म्हणाली, “आणि रोज हेच पीत असेल तर?”

“क्षयाच्या?”

तिनं मान हलवली.

“किती महिने?”

“हे झाड तयार झाल्यापासून. आणि त्याचे डोळे पिवळे दिसतात.”

कालोरिबच्या हातातली बाटली हातातच राहिली. तो डॉक्टर नव्हता आणि आपण डॉक्टर नाही हे त्यानं दोनदा सांगितलं. गोळ्यांचा भार यकृतावरच पडतो, आणि त्यावर हे. तो माणूस कोण आहे ते त्यानं विचारलं नाही.

“आज संध्याकाळी एक करवंटीही जाता कामा नये. उद्यापासून नाही, आजपासून. जहाज रात्री उत्तरेच्या खाडीत थांबेल, सकाळी परत ह्याच किनाऱ्यावरून जाईल. त्याला इथं आणा. मी व्हिलाच्या इस्पितळापर्यंत सोबत जाईन. गोळ्या बरोबर घेऊ द्या, पण इस्पितळात दाखवल्याशिवाय पुढची घेऊ नये. त्याला सांगेल ना कुणीतरी?”

“मी सांगेन,” हेस्टर म्हणाली.

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं की आपण ‘कुणाकडून तरी सांगू’ म्हणालो नाही, ‘निरोप पोचवू’ म्हणालो नाही.

टेकडीपलीकडे फोन लागत नव्हता. घरी गाराए उंबऱ्यावर बसला होता, काळा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून. हेस्टरनं त्याला सगळं सांगितलं. निघालास तर करवंट्या भरायच्या आत पोचशील, म्हणाली.

“मी जाणार नाही.”

“तो मरेल.”

“सगळ्या गावासमोर त्यानं मला नागवं केलं. सिरिलची पोरं उद्या मला पपई म्हणतील. आणि मी त्याच्या दारात जाऊन सांगू, बाबा, तुझी तब्येत सांभाळ?”

“त्याला ठाऊक नव्हतं.”

गाराएनं वर बघितलं. 

“तुला होतं?”

चुलीतलं लाकूड फुटलं. हेस्टरनं ते आत सारलं.

“कांडी बघितली होती,” ती म्हणाली.

गाराए उठला. त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि उताराच्या वाटेला लागला. थोड्या वेळानं वरून झाडं तोडल्याचा आवाज येऊ लागला. तो ठरावीक लयीत येत नव्हता. मध्येच थांबे, मग एकदम दोन-तीन घाव.

ती चुलीपुढे बसून राहिली. दुसऱ्या कुणाला पाठवावं का, ह्याचा तिनं विचार केला. सिरिल गेला असता आनंदानं, आणि आबानवेरेच्या नकामालात उभा राहून त्यानं सगळ्यांना पपईची गोष्ट सांगितली असती. मलाकीनं ती ऐकून घेतली असती, आणि मेहुण्याचा राग बोलतोय असं समजून आपलं बेणं चांगलं आहे हे दाखवायला चारच्या जागी सहा करवंट्या घेतल्या असत्या. ती त्याला ओळखत होती. लहानपणी माशाचा काटा घशात अडकला तरी तो सांगायचा नाही, कारण मासा तिनं धरलेला असायचा.

नर्सबाई सकाळीच खालच्या गावी बाळंतपणाला गेली होती.

हेस्टरनं मामासाठी तारोचे दोन तुकडे पानात बांधले आणि त्याच्या हाताला लागतील असे ठेवले. निखाऱ्यांवर राख ओढली. मग भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. रोजची प्रार्थना म्हणाली, पूर्ण म्हणाली, एकही ओळ न गाळता. मनात धरून थांबायची जागा आली तिथं ह्या वेळी ती थांबली नाही. ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच जेमतेम ऐकू आला.

“कोण निघालंय?” आतून मामानं विचारलं.

“मी, मामा.”

“कुठं?”

“आबानवेरेला.”

 उतारावर पुन्हा दोन घाव पडले.

“दुसरी टेकडी उतरताना डावीकडून जा,” मामा म्हणाला. “उजवीकडची माती सुटलेली आहे.”

बाहेर ढग खाली आले होते, पाऊस अजून नव्हता. नकामालाकडे निघालेली दोन माणसं वाटेत भेटली, मुळांची टोपली हालवत. कुठं निघालीस, असं त्यांनी सहज विचारलं. तिनं नुसती मान हलवली आणि बाजूनं गेली. ती धावली नाही. धावणारी बाई दिसली की लोक मागे येतात. पहिल्या टेकडीचा चढ तिनं पायाची बोटं मातीत रोवत, वाकून, एका दमात चढायला घेतला, आणि वर पोचल्यावरही दम घ्यायला थांबली नाही.